बाईंचे थेंब

पुस्तक निवडायचं म्हणजे ते वाचून बघायचं, अशी बहुतेकांची समजूत असते. ब्युरेटबाईंची नव्हती. त्या नवं पुस्तक आधी प्रयोगशाळेच्या ओट्यावर मधोमध उघडायच्या आणि हात सोडून द्यायच्या. पान आपलं आपण मिटलं की पुस्तक नापास. "दोन्ही हात ओले असताना याला धरून कोण बसणार? लेखक?" असं म्हणून त्या ते बाजूला सारत. मिटलं नाही तर कोपऱ्यावर पाण्याचं बोट लावून शाई पसरते का ते बघत. मग सोडवलेली उदाहरणं. आणि सगळ्यात शेवटी पुस्तकातला पहिला प्रयोग, लिहिलाय तस्साच, स्वतःचं डोकं अजिबात न चालवता करून बघत. विद्यार्थी डोकं चालवत नाहीत, सांगितलं तेवढंच करतात, असं बाईंचं ठाम मत होतं. ते मत किती चुकीचं होतं, हे त्यांना ज्या दुपारी कळलं त्या दुपारची ही गोष्ट आहे.

ब्युरेटबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. ब्युरेट म्हणजे काचेची लांब बारीक उभी नळी, अंगावर आकड्यांच्या खुणा आणि खाली एक तोटी. बाई तशाच होत्या. उंच, सडसडीत, ताठ, आणि हवं तेवढं बोलून झालं की तोटी बंद. विषयही त्यांचा तोच, विश्लेषणाचं रसायनशास्त्र. कशात काय आहे आणि किती आहे, हे शोधून काढायचं शास्त्र. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या आल्या आल्या सांगत, "कविता करायची असेल त्यांनी शेजारच्या इमारतीत जावं. इथे जे दिसलं ते लिहायचं. न दिसलेलं लिहिलंत, तर मलाही तुम्ही दिसणार नाही." मुलं हसत नसत, कारण बाई हसत नसत.

त्यांच्या प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त चालायचं ते टायट्रेशन. फ्लास्कमध्ये आम्ल घ्यायचं, त्यात रंगसूचक टाकायचं आणि वरून ब्युरेटमधलं अल्कलीचं द्रावण थेंब थेंब सोडत राहायचं. पाण्यासारखं नितळ दिसणारं आम्ल एका क्षणी अगदी फिकट गुलाबी होतं आणि तसंच राहतं. तिथे तोटी बंद. ब्युरेटवर जो आकडा दिसेल ते रीडिंग. एक थेंब कमी पडला तर रंगच नाही, चार जास्त पडले तर गुलाबीचा भडक गुलाबी. बाई रोज मुलं यायच्या आधी त्या दिवसाचं द्रावण स्वतः तपासत आणि आपलं रीडिंग मनात ठेवत. मुलांचा आकडा त्या आकड्याच्या जितका जवळ, तितके गुण. वर्षानुवर्षं हीच रीत होती आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

उलट कौतुकच होतं. गेल्या काही वर्षांत तर बाईंच्या मुलांचे हात इतके तयार झाले होते की अख्ख्या वर्गाचं रीडिंग बाईंच्या रीडिंगला जाऊन चिकटायचं. बाहेरून परीक्षक यायचे ते तोंडात बोट घालायचे. दुसऱ्या कॉलेजांतले लोक विचारायचे, तुम्ही नक्की करता काय? बाई म्हणायच्या, "काही नाही. खोटं लिहू देत नाही." हे म्हणताना त्यांचा आवाज जरा वर चढायचा. माणसाला कशाचा तरी गर्व असतोच. कोणाला मुलाचा, कोणाला घराचा. बाईंना या आकड्यांचा होता.

त्या वर्षी पहिल्या वर्षाचं जुनं पाठ्यपुस्तक छापायचंच बंद झालं. नवं निवडणं आलं. विभागप्रमुखांनी टेबलावर तीन पुस्तकं ठेवली आणि ते म्हणाले, "बाई, हा विषय तुमचा. तुम्ही म्हणाल ते. उद्या दुपारच्या बैठकीत फक्त नाव सांगा." असं म्हणता म्हणता त्यांनी तिन्हीतलं एक अलगद पुढे सरकवलं. ते जाडजूड होतं, गुळगुळीत कागदाचं, पानोपानी रंगीत चित्रं, सोबत शिकवायची तयार सामग्री आणि परीक्षेचे तयार प्रश्न. प्रमुखांना तयार गोष्टी आवडत. त्यांचा स्वतःचा प्रयोगाचा हात कधीच सुटला होता आणि सही करायचा तेवढा शिल्लक होता.

बाईंनी जाडजूड पुस्तक ओट्यावर उघडलं. ते धाडकन मिटलं. दुसरं पुस्तक म्हणजे नुसती उत्तरं पाठ करायची सोय होती, ते बाईंनी उघडलंही नाही. उरलं तिसरं. ते नव्या सरांनी आणलेलं. नवे सर त्याच वर्षी दुसऱ्या कॉलेजातून आले होते, अबोल, बाईंना जरा टरकून असणारे. पुस्तक बारीक, बिनचित्रांचं, खडबडीत कागदाचं. ओट्यावर उघडलं तर आज्ञाधारक मुलासारखं पसरून राहिलं. बोट लावलं तर शाई जागची हलली नाही. आणि पहिल्या कितीतरी पानांत एकही सूत्र नाही. नुसतं माणसाकडून चूक कशी होते, ते लिहिलेलं. डोकं कलतं ठेवलं तर काय होतं, घाई असली तर काय, अपेक्षा असली तर काय.

"बरं दिसतंय," बाई म्हणाल्या. नव्या सरांचे कान लाल झाले. "पण दिसण्यावर जायचं नाही. पहिला प्रयोग काय म्हणतो?"

पहिला प्रयोग जरा विचित्र होता. शिक्षकासकट सगळ्यांनी एकाच बाटलीतलं द्रावण घ्यायचं, एकमेकांशी न बोलता टायट्रेशन करायचं आणि रीडिंग चिठ्ठीवर लिहून घडी घालायची. मग सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. त्याचा दुसरा भाग पुढच्या पानावर होता. बाईंनी तो मुद्दाम वाचला नाही, कारण मुलंही पुढचं पान वाचत नाहीत.

दुपारी प्रयोगशाळा रिकामी होती. बाईंनी द्रावण केलं. नवे सर आले. धाकट्या मॅडम आल्या, या बाईंच्याच जुन्या विद्यार्थिनी, आता त्याच विभागात शिकवणाऱ्या. कॉरिडॉरमध्ये घुटमळणारी चार मुलं बाईंनी हाक मारून आत घेतली. त्यांत एक बारीक चणीची मुलगी होती, तिला सगळे टाचणी म्हणत. ओट्याला खिडकीचा उजेड चांगला होता. जो तो आपापल्या ब्युरेटसमोर उभा राहिला आणि बराच वेळ फ्लास्क घुसळल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

चिठ्ठ्या उघडल्या. बाईंचं रीडिंग होतं दहा पॉइंट पाच. टाचणीचं दहा पॉइंट पाच. बाकी तीन मुलांचं तेच, कोणाचं केसभर इकडे, कोणाचं केसभर तिकडे. धाकट्या मॅडमचं दहा पॉइंट पाच. नव्या सरांचं दहा पॉइंट दोन.

बाईंनी चष्म्यावरून नव्या सरांकडे बघितलं. आकडे त्यांना नेहमीच खणखणीत दिसत. "सर, रंग यायची वाट तरी बघायची," त्या म्हणाल्या. "कुठे गाडी पकडायची होती का?" मुलं खाली बघू लागली. बाईंना वाटलं, हसू दाबतायत. नवे सर ओशाळले. ते मनापासून म्हणाले, "माझाच हात चुकला असणार. सहा जण एका बाजूला म्हणजे..." आणि वाक्य अर्धवट सोडून त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं. "दुसरा भाग करायचा का, मॅडम? त्यात म्हटलंय की आता ब्युरेटला कागद गुंडाळा. आकडे झाकून टाका. रंग आला की थांबायचं आणि बाजूला व्हायचं. कागद काढून आकडा दुसऱ्यानं वाचायचा."

"करू की," बाई म्हणाल्या. "तुमचं समाधान होऊ दे."

हे ऐकल्याबरोबर धाकट्या मॅडम म्हणाल्या, "बाई, उशीर झालाय, मुलांना जायचं असेल." मुलंही एकदम म्हणाली, हो, जायचंय. बाईंना नवल वाटलं. एरवी हीच मुलं प्रयोगशाळेतून हाकललं तरी जात नसत. "दहा मिनिटांनी कोणाचं काही बिघडत नाही," त्यांनी फर्मावलं आणि स्वतःच्या हातांनी ब्युरेटांना जुन्या प्रश्नपत्रिकांचे कागद गुंडाळून दोऱ्याने बांधले. कागद गुंडाळताना टाचणीचा चेहरा त्या कागदापेक्षा पांढरा झाला होता, पण तेव्हा बाईंचं लक्ष गाठीकडे होतं.

एकेक जण थांबला, बाजूला झाला. शेजारच्यानं कागद काढून आकडा वाचला. टाचणी, दहा पॉइंट दोन. तिच्या पलीकडचा मुलगा, दहा पॉइंट दोन. उरलेले दोघं, तेच. धाकट्या मॅडम, दहा पॉइंट दोन. नवे सर, दहा पॉइंट दोन. बाईंची ब्युरेट नव्या सरांनी वाचली. त्यांनी एकदा वाचली, वाकून परत वाचली आणि मग तोंडातल्या तोंडात म्हणाले, "दहा पॉइंट पाच."

 बाईंना वाटलं, तोटी गळत असणार. त्यांनी ब्युरेट बदलली. नवी ब्युरेट धुतली, भरली, कागद गुंडाळला, परत केलं. दहा पॉइंट पाच. फ्लास्क बदलला. तेच. आता त्यांना राग आला. "एकमेकांना खुणा करताय का?" त्या कडाडल्या. "मघाशी सगळ्यांचं साडेदहा आणि आता एकदम सगळ्यांचं कमी? द्रावण तेच, बाटली तीच, हात तेच. मग मधल्या दहा मिनिटांत काय बदललं?"

 बाईंचा प्रश्न त्यांच्याच कानात वाजत राहिला, कारण त्याचं उत्तर एकच होतं. मधल्या दहा मिनिटांत फक्त आकडा झाकला गेला होता.

"टाचणी," बाई म्हणाल्या. त्यांना ते नाव माहीत आहे हे मुलांना तेव्हाच कळलं. "मघाशी तुझं रीडिंग किती आलं होतं? खरं."

"दहा पॉइंट दोन."

"मग चिठ्ठीवर साडेदहा कसं?"

टाचणीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "बाई, आम्ही ते... बाईंचे थेंब मिळवतो."

"कोणाचे?"

"तुमचे." आणि एकदा बांध फुटल्यावर ती घडाघडा सांगत सुटली. "रीडिंग आलं की त्यात सहा थेंबांचे पॉइंट तीन मिळवायचे. बाहेर ढग असले तर आठ. सीनियर लोक पहिल्याच आठवड्यात सांगतात. त्यांना त्यांच्या सीनियरनी सांगितलेलं. सगळेच करतात, बाई. ज्यांनी नाही केलं त्यांचे गुण गेले. आम्हाला वाटायचं, तुमची काहीतरी वेगळी पद्धत असेल."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. हे शब्द माणसं उगीच वापरतात, पण बाईंनी खरोखर ओट्याची कड धरली. सहा थेंब. ढग असले तर आठ. मुलांनी त्यांचा अभ्यास केला होता. त्यांना सगळ्या बाजूंनी मोजलं होतं, उजेड बघून, हवा बघून, आणि त्यांचं विश्लेषण करून बिनचूक उत्तर काढलं होतं. कशात काय आहे आणि किती आहे. एवढं चोख काम त्यांच्या हाताखाली आजवर कोणी केलं नव्हतं.

त्यांनी वळून धाकट्या मॅडमकडे बघितलं. ही आपल्या हाताखालची मुलगी, हिला आपण घडवलं, ही तरी. धाकट्या मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

"आमच्या वेळी दोनच होते, बाई," त्या म्हणाल्या.

नव्या सरांनी मुलांना हळूच बाहेर पाठवलं. हाकेसरशी विभागप्रमुख आले, त्यांना सारं सांगण्यात आलं, आणि त्यांनी काय करावं? त्यांनी दार लावून घेतलं. मग घसा खाकरून ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा बाई, इथल्या इथे मिटवू. तुमची दोनच वर्षं राहिलीत. हे बारकं पुस्तक लावलं तर दर वर्षी पहिल्याच प्रॅक्टिकलला वर्गासमोर हाच खेळ होणार. कशाला हवाय? ते जाड पुस्तक घेऊन टाका. त्यात असलं काही नाही." नव्या सरांनीही मान हलवली. स्वतः आणलेलं पुस्तक स्वतःच उचलून ते पिशवीत घालू लागले. बाईंना ते सगळ्यात जास्त लागलं. त्यांच्यावर कोणी दया करेल, अशी वेळ आजवर आली नव्हती.

"ठेवा ते," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून घरी गेल्या.

घरी त्यांनी चहा केला आणि प्यायचा विसरल्या. नवऱ्याने विचारलं, "काय गं, बरं नाही का?" लेक नुकतीच कामावरून आली होती. ती औषधाच्या कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत होती, आणि शिकलेली अर्थातच आईच्याच कॉलेजात, आईच्याच हाताखाली. बाईंनी दोघांना सगळं सांगितलं. सांगताना त्यांना वाटत होतं, आता लेक उसळेल. म्हणेल, काय नालायक मुलं आहेत! लेकीने डबा धुवायला टाकला आणि नळ तसाच चालू ठेवून ती पाठमोरी उभी राहिली.

"तूसुद्धा?" बाईंनी विचारलं.

"आई, मी जास्तच. लोक म्हणायचे, हिला आई घरी सांगते. म्हणून माझं तर तुझ्याशी तंतोतंत जुळायलाच हवं होतं."

"अगं, मग मला सांगायचं नाहीस?"

"कसं सांगणार होते? पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं तुला, आई, रंग आधीच येतो. तू काय म्हणालीस आठवतं? घरातलं नातं ओट्यावर आणायचं नाही, म्हणालीस. जे दिसलं ते लिही. मी लिहिलं, आणि तू मला वर्गात उभं केलंस." लेकीने नळ बंद केला. "पुढचं ऐकून घेणार का? नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी तिथेही थेंब मिळवले. हाताला सवयच लागली होती. मला ते खोटं वाटतच नव्हतं, आई. आकडा लिहायच्या आधी तो नीटनेटका करायचा, असंच वाटायचं. आमच्या साहेबांनी समोर बसवून विचारलं, हे कुठे शिकलात? मी गप्प बसले. तुझं नाव कसं घेऊ?"

बाई खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. नवरा जवळ येऊन उभा राहिला. गेलं वर्षभर बाई घरातले दिवे मंद झाल्याची कटकट करत होत्या आणि तो बिचारा दिवे बदलत होता. लेकीचा फिकट गुलाबी ड्रेस त्यांनी पांढऱ्या कपड्यांत भिजत घातला, तेव्हा दोघी भांडल्या होत्या. त्याने हे सगळं मनातल्या मनात जुळवलं आणि म्हणाला, "उद्या सकाळी डोळे दाखवू. मोतीबिंदू असेल. लहानसं ऑपरेशन असतं हल्ली."

"डोळ्यांचं ऑपरेशन होईल हो," बाई म्हणाल्या. "मी या पोरांना खोटं लिहायला शिकवलं, त्याचं कुठे करतात?"

मोतीबिंदूच निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी सांगितलं, कित्येकांना वर्षं वर्षं कळत नाही. आकडे दिसतात, माणसं दिसतात, फिके रंग तेवढे आधी हरवतात. ऑपरेशनची तारीख दिवाळीच्या सुट्टीतली मिळाली. बाईंना डॉक्टरांचं बोलणं अर्धंच ऐकू येत होतं. डोळ्यांचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. वय झालं की डोळे जातात, त्यात धक्का बसण्यासारखं काय? धक्का याचा होता की इतक्या वर्षांत इतकी मुलं त्यांच्या समोरून गेली, प्रत्येकाला दिसत होतं, आणि एकानेही तोंड उघडलं नव्हतं. का उघडलं नव्हतं, हेही आता त्यांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं फार जड जात होतं.

दुपारच्या बैठकीला त्या तशाच गेल्या. विभागप्रमुखांनी जाडजूड पुस्तकाचं नाव आधीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं, बाईंचे कष्ट वाचावेत म्हणून. बाईंनी डस्टर घेतलं, फळा पुसला आणि बारक्या पुस्तकाचं नाव लिहिलं.

"बाई, पहिला प्रयोग..." प्रमुख चाचरत म्हणाले.

"त्यासाठीच घेतेय."

"निदान ते प्रॅक्टिकल मी घेतो, मॅडम," नवे सर म्हणाले.

"तुम्हाला दिसतं, सर. तुमच्या हातून त्यांना काय कळणार? प्रॅक्टिकल मीच घेईन."

थोड्याच दिवसांत पहिल्या वर्षाची नवी मुलं आली. सगळ्यांच्या ओट्यावर ते बारकं पुस्तक पसरून पडलेलं. बाईंनी सुरुवातीलाच विचारलं, "बाईंचे थेंब ज्यांना कळलेत त्यांनी हात वर करा. मी रागावणार नाही." त्यांना वाटलं होतं, अजून कोणाला कुठलं कळायला. त्यांचं कॉलेज सुरू होऊन आठवडा नव्हता झाला. एक हात वर गेला, मग दोन, मग भराभर. अख्खा वर्ग हात वर करून बसला. बाई बघतच राहिल्या. आपण मेल्यावरही हे थेंब या कॉलेजात राहतील, असं त्यांच्या मनात आलं.

मग त्यांनी आपल्या डोळ्यांबद्दल सांगितलं. सोपं नव्हतं ते.  त्यांनी ब्युरेटला कागद गुंडाळला, फ्लास्क खाली धरला आणि पुढच्या बाकावरच्या एका मुलाला जवळ बोलावलं. "मला रंग दिसत नाही. तुला दिसला की सांगायचं. मी तिथे थांबणार."

थेंब पडू लागले. मुलगा फ्लास्ककडे बघतच नव्हता, तो बाईंच्या तोंडाकडे बघत होता. "माझ्या तोंडावर रंग यायचा नाही," बाई म्हणाल्या. "खाली बघ." त्याने खाली बघितलं. थेंब पडत राहिले. मुलाने मागे वर्गाकडे बघितलं. थेंब पडत राहिले. वर्गात कोणी हलेना. बाईंनी मुलाकडे बघितलं तर त्याचे ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. रंग केव्हाच आला होता. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या या पोराला तो दिसत होता, आणि बाई हातात फ्लास्क धरून आंधळ्यासारख्या थेंब सोडत होत्या, आणि त्यांनी एवढं सांगूनही त्या पोराची त्यांना थांबवायची छाती होत नव्हती.

"सांग रे," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांना ओळखू आला नाही. ती विनवणी होती. "माझ्यावर उपकार कर आणि सांग."

"झालंय, बाई," मुलगा कसाबसा म्हणाला. "मघाशीच झालंय."

बाईंनी ब्युरेटखालीच फ्लास्क खिडकीच्या उजेडाकडे कलता करून बघितला. आत नुसतं पाणी होतं. त्यांनी तोटी बंद केली.